चर्चमध्ये लागलेलं लग्न कायद्यात उभं राहतं का? कोल्हापुरातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

लग्नसंस्था ढासळत चालली आहे, ही काळजी कोल्हापुरातल्या बहुतेक मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेनंतर बोलून दाखवली जाते. लिव्ह-इन, घटस्फोट, समलिंगी विवाहाचा खटला, समान नागरी कायदा, असे विषय निघत राहतात. ही काळजी खरी आहे आणि हा लेख तिच्या बाजूनंच लिहिलेला आहे. एक पुरुष आणि एक स्त्री यांनी देवासमोर आयुष्यभरासाठी केलेला करार म्हणजे विवाह, आणि देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये, ही मत्तयाच्या १९ व्या अध्यायातली शिकवण आम्ही जशीच्या तशी मानतो.

म्हणूनच एक गोष्ट फार खटकते. जगाच्या ढिलाईबद्दल बोलणाऱ्या मंडळ्यांमध्येच परवाना नसलेले पाळक लग्नं लावतात, रजिस्टरचं पान महिनोन्महिने अपुरं राहतं, आणि चर्च कमिटीच्या लेटरहेडवर 'घटस्फोट मंजूर' असं पत्र लिहून दिलं जातं. पुढे पासपोर्ट, पेन्शन किंवा वारसाहक्काची वेळ आली की त्या घरातल्या बाईला आणि मुलांना त्याची किंमत मोजावी लागते. विवाह पवित्र मानणाऱ्यांनी सुरुवात इथून करायला हवी, आणि त्यासाठी कायदा नेमकं काय मागतो ते माहीत असावं लागतं.

लग्न लावण्याचा अधिकार कोणाला?

आपल्याकडे आजही १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम लागू आहे. वधू-वरांपैकी दोघंही किंवा एक जण ख्रिस्ती असेल आणि लग्न ख्रिस्ती पद्धतीनं लागत असेल तर ते याच कायद्याप्रमाणे लागलं पाहिजे. तसं नसेल तर कलम ४ त्याला रद्दबातल म्हणतं. कलम ५ मध्ये अधिकार कोणाला ते दिलं आहे. बिशपच्या हातून दीक्षा मिळालेल्यांना, म्हणजे रोमन कॅथलिक फादर किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पाळकांना, वेगळा सरकारी परवाना लागत नाही. मात्र त्यांनी विधी आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणेच करायचा. बाकीच्या धर्मसेवकांना राज्य सरकारचा परवाना लागतो. याशिवाय सरकारनं नेमलेला विवाह निबंधक लग्न लावू शकतो आणि कलम ९ खाली परवाना मिळालेली व्यक्ती भारतीय ख्रिस्ती जोडप्याला विवाहाचा दाखला देऊ शकते.

कोल्हापुरात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. इथलं मिशनकार्य अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर डिसेंबर १८५२ मध्ये आले तेव्हापासूनचं, आणि ते अमेरिकन प्रेसबिटेरियन परंपरेतलं. त्या परंपरेत बिशप नाही, वडीलमंडळ असतं. त्यामुळे जी मंडळी पुढे बिशप असलेल्या चर्चमध्ये सामील झाली नाही, तिच्या पाळकाला परवाना काढावाच लागतो. गेल्या काही दशकांत स्वतंत्र मंडळ्या आणि घरातल्या प्रार्थनासभाही वाढल्या. त्यांचे पास्टर मनापासून सेवा करतात, पण 'ऑर्डिनेशन सर्टिफिकेट' आणि 'विवाह लावण्याचा परवाना' हे दोन वेगळे कागद आहेत, हे अनेकांच्या गावीही नसतं. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, मंडळीच्या नाही. जुने पाळक बदलून गेले की त्यांचा परवाना नव्या पाळकाला चालत नाही. अधिकार नसताना लग्न लावणं हा कलम ६८ खाली गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे. लग्नाची तारीख धरण्याआधी पाळकांकडे परवान्याची प्रत मागा. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. चांगला पाळक ती आपणहून दाखवतो.

असं लग्न आधीच लागून गेलं असेल तर मार्ग आहे. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाच्या कलम १५ खाली, दुसऱ्या पद्धतीनं लागलेल्या लग्नाची नोंद करता येते. विधी झालेला हवा, तेव्हापासून दोघं पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असायला हवेत, नोंदीच्या वेळी दोघांचं वय २१ पूर्ण हवं, दोघांपैकी कोणाचाही दुसरा जोडीदार हयात नको, दोघं निषिद्ध नात्यात नकोत आणि अर्जाआधीचे ३० दिवस दोघं त्या जिल्ह्यात राहिलेले हवेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. ३० दिवसांची नोटीस लागते, मग तीन साक्षीदारांच्या सह्यांनी प्रमाणपत्र मिळतं. विधीच्या तारखेनंतर जन्मलेली मुलं त्यामुळे औरस ठरतात. शंका असलेल्या जोडप्यांनी हे काम मुलांच्या शाळेच्या दाखल्याची वेळ येण्याआधी उरकावं.

लग्नाआधी आणि लग्नाच्या दिवशी

वराचं वय २१ आणि वधूचं १८ पूर्ण असावं लागतं. वधूचं वय २१ करण्याचं विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं, पण २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते व्यपगत झालं. मात्र ख्रिस्ती विवाह कायद्यातली एक जुनी तरतूद फार थोड्यांना माहीत असते: या कायद्यापुरती २१ वर्षांखालची व्यक्ती, विधवा किंवा विधुर नसेल तर, 'अज्ञान' धरली जाते. म्हणजे १९ वर्षांच्या मुलीचं लग्न लागू शकतं, पण वडिलांची संमती लागते. वडील हयात नसतील तर पालकाची, आणि पालक नसेल तर आईची. संमती लेखी घ्या आणि रजिस्टरसोबत ठेवा.

पहिली पायरी नोटिशीची. वधू-वरांपैकी एकानं पाळकांना लेखी कळवायचं: दोघांची पूर्ण नावं, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, तिथं किती काळ राहतात आणि लग्न कुठल्या चर्चमध्ये किंवा घरी लागणार. ही नोटीस चर्चमध्ये सहज दिसेल अशा जागी लावायची. अनेक मंडळ्या त्याशिवाय लागोपाठ तीन रविवारी लग्नाची घोषणा वाचतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात. हल्ली ही घोषणा घाईघाईत, शेवटच्या गीताच्या गडबडीत उरकली जाते. तसं होऊ नये. पहिलं लग्न लपवलेला माणूस पकडला जाण्याची ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुनी सोय आहे. त्यानंतर नात्याचा किंवा दुसरा कोणताही कायदेशीर अडथळा नाही, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मग पाळक दाखला देतात. त्या दाखल्यानंतर दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर तो निरुपयोगी होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. हॉलची तारीख मिळेना म्हणून लग्न पुढे ढकलणाऱ्यांचं इथं चुकतं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात 'मार्था', शाळेच्या दाखल्यावर 'माधुरी', आधारवर तिसरंच स्पेलिंग. विवाहाच्या नोंदीत एकच नाव लिहायचं असतं, आणि ते वयाच्या पुराव्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असेल तर 'ऊर्फ' लावून दोन्ही लिहा. बाहेरगावच्या मंडळीतून येणाऱ्या वधू किंवा वराचं सभासदत्वाचं पत्र मागवा, आणि त्यात आधीचं लग्न झालेलं नाही हे स्पष्ट लिहून घ्या. विधुर किंवा विधवा असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोटित असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. त्याची झेरॉक्स पुरत नाही.

लग्नाचा विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत व्हावा लागतो. चर्चच्या विशेष परवान्याचे काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. वरात उशिरा पोचली, ७ वाजून गेले आणि पाळकांनी सगळ्यांच्या आग्रहाखातर विधी उरकला, तर अडचणीत पाळक येतात. त्यांना ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रिसेप्शन मात्र रात्री कितीही वाजता करा. पाळकांशिवाय किमान दोन साक्षीदार हवेत. विधी प्रत्यक्ष पाहिलेले, सज्ञान, आणि दहा वर्षांनीही सापडतील असे साक्षीदार निवडा. परगावहून आलेल्या पाहुण्याला मान म्हणून सही करायला लावणं पुढे महागात पडतं.

विधी झाला की त्याच ठिकाणी रजिस्टरमध्ये आणि दाखल्याच्या प्रतीत नोंद होते. वधू, वर, पाळक आणि दोन साक्षीदार सह्या करतात. दाखल्याची प्रत पाळकांनी महिन्याच्या आत जन्म, मृत्यू व विवाहांच्या महानिबंधकांकडे पाठवायची असते. ती गेली का, हे महिनाभरानं विचारा. याशिवाय महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत ज्ञापन सादर करून नोंद करता येते, शहरात महानगरपालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले, तेव्हापासून सरकारी कार्यालयं हे प्रमाणपत्र सर्रास मागतात. चर्चचा दाखला आणि हे प्रमाणपत्र, दोन्ही जवळ असावीत.

नोटिशीत, वेळेत किंवा नोंदीत चूक राहिली म्हणून लग्न रद्द होतं का? नाही. कलम ७७ म्हणतं की राहण्याच्या ठिकाणाचा तपशील, संमती, नोटीस, दाखला, वेळ, जागा आणि नोंदणी यांतल्या अनियमिततेमुळे विवाह रद्दबातल होत नाही. त्यामुळे जुन्या रजिस्टरमध्ये त्रुटी सापडली तर घाबरू नका. मात्र लग्न लावणाऱ्याला अधिकारच नसेल, किंवा पहिला जोडीदार हयात असेल, तर या कलमाचा आधार मिळत नाही.

वेगळ्या धर्मातला जोडीदार, आणि मामाची मुलगी

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती. आज आपल्या मुलामुलींसमोर प्रश्न येतो तो धर्माबाहेरच्या लग्नाचा. विश्वासणाऱ्यानं विश्वासणाऱ्याशीच लग्न करावं ही शिकवण आम्ही सोडत नाही, आणि ती मुलांना वयात येण्याआधीच सांगायला हवी. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ती ऐकवून उपयोग नसतो. पण मुलांनी निर्णय घेतलाच तर तो निदान वैध मार्गानं व्हावा. ख्रिस्ती मुलानं हिंदू मुलीशी देवळात मंगळसूत्र बांधून केलेलं लग्न हिंदू विवाह कायद्यात वैध नाही. त्या कायद्यासाठी दोघंही हिंदू असावे लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. अशा जोडप्यासाठी सरळ रस्ता विशेष विवाह अधिनियमाचा: दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस जिल्ह्यात राहिलेला, ३० दिवसांची नोटीस, नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न. फक्त लग्नासाठी घाईनं दिलेला बाप्तिस्मा हा त्यावरचा उपाय नव्हे. तो विश्वासाचीही थट्टा करतो आणि पुढे कोर्टात वादाचा विषय होतो.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि ती ख्रिस्ती घरांतही टिकून आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सहसा त्याला आडकाठी नसते. कॅथलिक चर्चमध्ये मात्र सख्खी चुलत-मामे-आते-मावस भावंडं निषिद्ध नात्यात येतात आणि बिशपची सूट आधी घ्यावी लागते. विशेष विवाह अधिनियमाच्या यादीतही मामेबहीण निषिद्ध आहे. दोघांपैकी एकाच्या समाजातली रूढी दाखवता आली तरच सवलत मिळते. नात्यातलं लग्न असेल तर हा प्रश्न पाळकांना आणि विवाह अधिकाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा.

गोव्यात लग्न करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: तिथं वेगळा नागरी कायदा आहे आणि चर्चमध्ये जाण्याआधी दिवाणी निबंधकाकडे जावं लागतं. इथल्या मंडळीचं पत्र तेवढं घेऊन गेल्यानं काम होत नाही.

विभक्त होणं: शास्त्र काय म्हणतं, कायदा काय देतो

घटस्फोट या शब्दाला आपण इतके घाबरतो की त्याबद्दल अचूक बोलतच नाही. प्रेसबिटेरियन परंपरेचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीजबाब व्यभिचार आणि हेतुपुरस्सर त्याग या दोन कारणांनी विवाह संपू शकतो असं मानतो. त्यामागे मत्तयाचा १९ वा अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा ७ वा अध्याय आहे. कॅथलिक शिकवण वैध विवाह मुळीच संपत नाही असं सांगते. तिथं चर्चचं न्यायासन फक्त एवढंच ठरवतं की विवाह मुळात झाला होता की नाही. या दोन्ही भूमिका गंभीर आहेत, आणि कोणत्याही मंडळीनं त्या हलक्या करू नयेत.

पण यातला कुठलाही निर्णय देशाच्या कायद्यात घटस्फोट ठरत नाही. चर्चच्या न्यायासनानं विवाह रद्द केला म्हणून दिवाणी कायद्यात तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सांगितलं आणि चर्चच्या निर्णयांना मान्यता मिळावी ही याचिका २०१७ मध्ये फेटाळली. चर्चच्या कागदावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसऱ्या पत्नीला आणि तिच्या मुलांना वारसाहक्कात जो त्रास होतो तो वेगळाच. पाळकांनी आणि कमिटीनं यासाठी एक नियम लावून घ्यावा: न्यायालयाचा हुकूमनामा आणि अपिलाची मुदत संपल्याचा पुरावा हातात आल्याशिवाय दुसऱ्या लग्नाची घोषणा वाचायची नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्यात अपिलासाठी ३० दिवस आहेत.

ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाचा कायदा १८६९ चा आहे. त्यात पूर्वी नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. शिवाय हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागत असे. हा अन्याय होता, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ मध्ये त्यातला काही भाग घटनाबाह्य ठरवला. २००१ च्या दुरुस्तीनं नवरा-बायकोला समान कारणं दिली: व्यभिचार, धर्मांतर करून ख्रिस्ती न राहणं, किमान दोन वर्षांचा असाध्य मनोविकार, दोन वर्षांचा संसर्गजन्य गुप्तरोग, सात वर्षं ठावठिकाणा नसणं, जाणूनबुजून नकार दिल्यामुळे लग्नानंतर शरीरसंबंधच न होणं, एकत्र राहण्याचा न्यायालयाचा हुकूम दोन वर्षं न पाळणं, दोन वर्षांचा त्याग आणि क्रूरता. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये काढून टाकलं, ते योग्यच झालं. व्यभिचाराचं कारण दिलं तर त्या तिसऱ्या व्यक्तीलाही सहप्रतिवादी करावं लागतं. न्यायालयानं सूट दिली तरच ते टळतं. हे विसरल्यामुळे अर्ज अडकतात.

परस्परसंमतीसाठी कलम १०-अ आहे. हिंदू जोडप्याला एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो, ख्रिस्ती जोडप्याला कायद्याच्या पुस्तकात दोन वर्षं आहेत. केरळ उच्च न्यायालयानं २०१० मध्ये ही मुदत एका वर्षावर आणली आणि २०२२ मध्ये तीही घटनाबाह्य ठरवली, पण महाराष्ट्रात अर्ज करताना आपल्या वकिलाला इथली स्थिती विचारूनच तारखा धरा. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरी मागणी करावी लागते. हा थांबण्याचा काळ आम्हाला मोलाचा वाटतो. मंडळीतल्या जाणत्या जोडप्यांनी त्या सहा महिन्यांत भेटत राहावं, बाजू न घेता.

अर्ज शहरात कौटुंबिक न्यायालयात आणि त्याच्या हद्दीबाहेर जिल्हा न्यायालयात होतो. लग्न जिथं लागलं ते ठिकाण, किंवा दोघं जिथं राहतात वा शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण, यांपैकी कुठलंही चालतं. अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या कुटुंबांचीही सोय झाली आहे.

मार खाणाऱ्या बाईला काय सांगायचं

'सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल.' हे उत्तर फार मंडळ्यांत दिलं जातं आणि ते शास्त्राला धरून नाही. मलाखीच्या ज्या वचनात देव सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा करतो, त्याच वचनात तो जुलमाचाही तिटकारा करतो. वचनाचा अर्धाच भाग शिकवून बाईला मारणाऱ्याच्या घरी परत पाठवणं हे परंपरेचं रक्षण नव्हे.

तिच्याशी एकटीशी बोला, मंडळीतली एखादी वडीलधारी बाई सोबत असू द्या. मारहाण चालू असताना दोघांना एका खोलीत बसवून समुपदेशन करू नका. ती त्याच्यासमोर खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर रात्री त्याची भरपाई करावी लागते. जखमा असतील तर त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयात तपासणी करून घ्या आणि मारहाणीचं कारण कागदावर लिहून घ्या. 'पाय घसरून पडली' असं एकदा लिहिलं गेलं की ते खोडणं कठीण. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो. घर तिच्या नावावर नसलं तरी राहण्याचा हक्क मिळतो. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे.

आणि जी बाई घटस्फोटाला विवेकानं तयार नाही तिच्यासाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यातच न्यायालयीन विभक्तीचा मार्ग आहे. व्यभिचार, क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग ही त्याची कारणं. विवाह कायम राहतो, एकत्र राहण्याचं बंधन सुटतं, आणि त्यानंतर तिनं मिळवलेल्या मालमत्तेवर नवऱ्याचा हक्क पोचत नाही. विभक्त झालीच तर अविवाहित राहावं किंवा समेट करावा, असं पौल लिहितो. त्याच्याशी जुळणारी ही तरतूद कोल्हापुरातल्या किती पाळकांनी कधी कोणाला सांगितली असेल, हा विचार अस्वस्थ करतो.

बातम्यांकडे पाहताना

व्यभिचार २०१८ मध्ये फौजदारी गुन्हा राहिला नाही, तेव्हा देशात अनीतीला मोकळीक मिळाली असं अनेक पुलपिटांवरून सांगितलं गेलं. जुनं कलम नीट वाचलं तर ते फक्त परपुरुषाला शिक्षा करायचं, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नव्हता. त्यात बायको नवऱ्याची मालमत्ता होती. ते गेल्याचं दुःख ख्रिस्ती माणसानं करू नये. व्यभिचार पाप आहे, घटस्फोटाचं कारणही आहे, आणि मंडळीची शिस्त त्याला लागू होते. एवढं पुरेसं आहे.

समलिंगी विवाहाबाबत १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही आणि प्रश्न संसदेवर सोडला. आमची श्रद्धा स्पष्ट आहे. पण आपल्याच मंडळीतल्या एखाद्या तरुणाची या विषयावरून खिल्ली उडवणं कुठल्याही शिकवणीत बसत नाही.

समान नागरी कायदा महाराष्ट्रात आजमितीला नाही. उत्तराखंडमध्ये तो २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तिथं धार्मिक विधीनं लग्न लावायला बंदी नाही, पण ६० दिवसांत नोंदणी सक्तीची आहे. लिव्ह-इनचीही एका महिन्यात नोंद करावी लागते, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. सरकारच्या नोंदवहीनं असा संबंध पवित्र होत नाही, आणि जोडप्यांना तुरुंगाचा धाक दाखवून ती लग्नाकडे वळतील असंही आम्हाला वाटत नाही. आपल्या मुलांपैकी काही जण लग्न टाळतात त्याचं एक साधं कारण खर्च आहे. हॉल, बँड, पाचशे पाहुण्यांचं जेवण यांतलं काहीच कायद्याला किंवा शास्त्राला नको असतं. पाळक, दोन साक्षीदार आणि रजिस्टर असलं की शनिवारी सकाळी अकरा वाजता लग्न लागतं. वडीलमंडळानं अशा लग्नाला चर्च विनाभाडं द्यावं आणि मंडळीनं डब्यातून जेवण आणावं.

मृत्युपत्राबद्दल

ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी. मूल-नातवंडं नसतील पण इतर नातलग असतील तर पत्नीला निम्मा. मृत्युपत्र केलं तर सगळी मालमत्ता कोणालाही देता येते.

इथं दोन गोष्टी चुकतात. पहिली: लग्न झालं की त्याआधी केलेलं मृत्युपत्र कलम ६९ खाली आपोआप रद्द होतं. हिंदूंना हे लागू नाही, त्यामुळे सगळ्या वकिलांच्या ते पटकन लक्षात येत नाही. आईच्या नावे मृत्युपत्र करून ठेवलेल्या मुलाला, किंवा पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी मृत्युपत्रात तरतूद करून पुनर्विवाह करणाऱ्या विधुराला, लग्नानंतर नवं मृत्युपत्र करावंच लागतं. दुसरी: मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला, किंवा त्याच्या पती-पत्नीला, त्यात काही दिलं असेल तर तेवढं देणं कलम ६७ खाली रद्द होतं, मृत्युपत्राचा बाकी भाग टिकतो. घरी बसून धाकट्या मुलाची आणि सुनेची साक्षीदार म्हणून सही घेतली जाते, आणि त्या मुलाचाच वाटा जातो. साक्षीदार दोन हवेत, दोघंही ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे.